होडेकरांची सेलिका

"आणि आता येत आहे, मंडळी, आपल्या कोल्हापूरची शान!" जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात लाऊडस्पीकरवरचा माणूस ओरडला. "एकोणीसशे चौऱ्याहत्तर सालची टोयोटा सेलिका! कैलासवासी दत्ताजीराव इंगवले यांनी खास जपानहून बोटीनं आणलेली ही गाडी आज त्यांची तिसरी पिढी सांभाळते आहे. एकच घराणं, एकच गाडी! होऊन जाऊ द्या टाळ्या!"

टाळ्या झाल्या. माझ्या हातात चहाचे कागदी कप होते. चहा बोटांवर सांडत होता, आणि भाजतंय हे मला बऱ्याच वेळानं कळलं.

कारण ती गाडी जपानहून बोटीनं आणणारा माणूस माझ्या शेजारी उभा होता. हमजा होडेकर, आमचे चाचा. मालवाहू बोटीवरचे निवृत्त इंजिनियर, वय अठ्ठ्याहत्तर, मुक्काम रत्नागिरी. अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा आणि वर बोटीवरचा जुना निळा कोट. पहाटेच्या एसटीनं आंबा घाट चढून आले होते. एकटेही नव्हते. बरोबर त्यांची मुलगी रुकय्या होती आणि रुकय्याचे सासरे कासमभाई होते. कासमभाईंना चाचांनी मुद्दाम आणलं होतं. का ते मला माहीत होतं.

"काय म्हणाला तो?" चाचांनी विचारलं.

"काहीतरी घोटाळा झालाय," मी म्हणाले. "चुकीचा कागद वाचला असणार."

कासमभाई माझ्याकडे बघतच नव्हते. ते व्याह्याकडे बघत होते. तोंडातलं पान त्यांनी या गालातून त्या गालात घेतलं आणि हसले.

मी चहा तिथंच गवतावर ठेवला आणि रणधीरला शोधायला निघाले.

आईबापांनी माझं नाव मृदुला ठेवलं, तेव्हा त्यांना काही कल्पना नव्हती. राग कायम माझ्या नाकावर असतो. धंद्यानं मी दातांची डॉक्टर. पेशंट तोंड उघडून बसलेला असतो म्हणून माझं बोलणं ऐकून घेतो, असं आमचे हे म्हणायचे. रविवारी मात्र मी क्लिनिक बंद ठेवायचे आणि उद्यमनगरात रणधीर इंगवलेच्या फाउंड्रीमागच्या शेडमध्ये जायचे. तिथं आम्ही दोघं जुन्या जपानी गाड्या उघडायचो. रणधीर माझा शाळेपासूनचा मित्र. आम्हाला दोघांनाही हे वेड एकदमच लागलं, आणि दोघांच्या घरच्यांनी एकदमच हात टेकले. सगळं जग मर्सिडीज आणि रोल्सच्या मागं असतं. आम्हाला त्या बुटक्या, लांब नाकाच्या, सत्तरच्या दशकातल्या जपानी गाड्या आवडायच्या. आपल्याकडे त्या मिळत नाहीत. मिळाल्या तर भाग मिळत नाहीत. एका मागच्या दिव्याच्या काचेसाठी आम्ही वर्षभर बँकॉकच्या एका दुकानदाराच्या मागं लागलो होतो. काच आली तेव्हा रणधीरनं फाउंड्रीत पेढे वाटले होते.

होडेकरांची सेलिका आम्हाला रत्नागिरीत राजिवड्याजवळ एका नारळाच्या बागेत सापडली. छपराखाली, ताडपत्रीत. तळाचा पत्रा खाऱ्या हवेनं खाल्लेला, पण गाडी शाबूत. मोठमोठे लोक येऊन गेले होते, चाचांनी कुणाला दिली नव्हती. आम्हाला दिली. का दिली, तर मी बोनेट उघडण्याआधी परवानगी मागितली म्हणून. हे त्यांनीच नंतर सांगितलं.

"घेऊन जा गो," ते म्हणाले होते. "चालती कर. फक्त कुणी विचारलं गाडी कुणी आणली, तर माझं नाव सांग. हमजा होडेकरानं आणली. हक्कानं आणली, सगळी ड्युटी भरून आणली."

मी शब्द दिला होता. रणधीरनं तर बोनेटवर हात ठेवून सांगितलं होतं, "चाचा, मरेपर्यंत."

चाचांना हे सांगावं लागलं, कारण त्यांच्या गावात कुणीच ते मानत नव्हतं. त्या काळातला तो किनारा आणि परदेशी गाडी. लोकांनी एकच अर्थ काढला. कस्टमवाल्यांनी गाडी मुंबईच्या गोदीत अडकवून ठेवली, चाचा हेलपाटे घालून ती रीतसर सोडवून घेऊन आले, तरी नाव पडलं ते पडलंच. त्यांच्या मागं पोरं 'स्मगलरची गाडी' म्हणून ओरडायची. रुकय्याचं लग्न त्यामुळं मोडायच्या बेताला आलं होतं. शेवटी झालं, पण कासमभाई लग्नापासून आजपर्यंत जेवायला बसले की एकदा तरी म्हणायचे, "आमचे व्याही मोठे. समुद्रातनं गाड्या काढतात."

म्हणून मी चाचांना फोन केला होता. या, म्हटलं. पाच हजार माणसांत लाऊडस्पीकरवरून तुमचं नाव घेणार आहेत. कासमभाईंनाही घेऊन या.

रणधीर स्टेजच्या मागच्या कनातीत सापडला. डोक्याला केशरी फेटा, हातात उसाचा रस. मला बघून खूश झाला.

"ऐकलंस का? पब्लिक येडं झालंय! पहिला नंबर आपलाच."

"तू काय लिहून दिलंयस?"

"कशाचं?"

"रणधीर, मला दात ओढायची सवय आहे. सरळ बोल."

त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि मला दंडाला धरून कडेला घेतलं. "हे बघ, चिडू नकोस. यंदा नवीन बक्षीस ठेवलंय. एकाच घराण्यात राहिलेली गाडी. त्याला वेगळे मार्क असतात. आपली गाडी एक नंबर झालीय, पण घराणं नसलं तर गुणाला कोण विचारतंय इथं? मग म्हटलं, आजोबांचं नाव घालू. आजोबा काय तक्रार करायला येणार हायत?"

"आणि ज्यांची गाडी आहे ते आलेत."

"कोण?"

"चाचा आलेत. बाहेर उभे आहेत. मुलगी आणि व्याह्यांना घेऊन."

रणधीरचा चेहरा पडला. खरंच पडला, खोटं कशाला सांगू. पण तेवढाच. पुढच्या क्षणी त्यानं रसाचा घोट घेतला.

"तू बोलावलंस?"

"होय, मी बोलावलं. तू शब्द दिला होतास त्यांना."

"अगं, होडेकर नाव लावलं की लोक पहिला प्रश्न काय विचारणार, तूच सांग."

"काय विचारणार?"

"गाडी आली कुठनं. रत्नागिरीचा किनारा, ती सालं, तसलं नाव. मी म्हणत न्हाई काही. लोक म्हणणार. मग समितीवाले कागद मागणार, पेपरवाले छापणार. कशाला ते झेंगट? इंगवले म्हटलं की कोण विचारत न्हाई."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, ती कशी जाते ते मला त्या कनातीत कळलं. "आयत्या बिळावर नागोबा झालास की रे तू," मी म्हणाले.

"बीळ माझ्या नावावर हाय," रणधीर म्हणाला. "आणि आवाज कमी कर. बायामाणसं बघायला लागल्यात."

गाडीची नवी नोंदणी त्याच्या नावावर होती, हे खरं. शेड त्याची होती, म्हणून मीच तसं म्हटलं होतं. त्याला आणखी काही बोलण्यात अर्थ नव्हता. मी कनातीतून सरळ स्टेजवर गेले. सूत्रसंचालक तोंडातली इलायची चघळत पुढच्या गाडीचा कागद शोधत होता. त्याच्या हातातला माइक मी घेतला. घेतला म्हणजे ओढला.

"एक दुरुस्ती आहे," मी म्हणाले. माझाच आवाज मैदानाच्या पलीकडून मला परत ऐकू आला. "आत्ता जी सेलिका बघितली ती इंगवल्यांच्या आजोबांनी आणलेली नाही. ती रत्नागिरीच्या हमजा होडेकरांनी आणली. चीफ इंजिनियर हमजा होडेकर. ते आज इथं आलेले आहेत."

मैदानात कुजबुज सुरू झाली. समितीचे अध्यक्ष नेर्लेकर घाईघाईनं पायऱ्या चढून आले. सभ्य गृहस्थ, कुणाला दुखवणं त्यांना आयुष्यात जमलं नसावं.

"मॅडम, मॅडम, असा तमाशा नको. काय असेल ते आपण खाली बोलू."

"खाली कशाला? खोटं वर बोललात."

"बरं, बरं. काही कागद आहे का?"

"आरटीओत बघा की."

"आज रविवार आहे, मॅडम."

लोक हसले. सेलिका स्टेजसमोरच उभी होती, पिवळीधमक, सगळं क्रोम चकाकतंय. रणधीर तिच्या दाराशी उभा राहून फेटा सारखा करत होता. मी माइक घेऊनच खाली उतरले आणि गर्दीकडं हात केला.

"चाचा, पुढं या! तुम्हीच सांगा."

गर्दीनं वाट दिली. चाचा सावकाश चालत आले. बोटीवर काम केलेली माणसं पाय जरा फाकून टाकतात, तसे. रुकय्या मागं होती आणि तिच्या मागं कासमभाई. चाचा गाडीजवळ थांबले. दुरुस्त झाल्यावर ती त्यांनी पहिल्यांदाच बघितली होती. त्यांनी हात पुढं केला, पण लावला नाही.

नेर्लेकरांनी नमस्कार केला. "काका, ह्या मॅडम म्हणतात ही गाडी तुमची. आमचं काही म्हणणं नाही हो. पण इंगवले साहेबांचं म्हणणं वेगळं आहे. तुमच्याकडं काही पुरावा आहे का?"

माइक माझ्या हातात, त्यामुळं तो 'पुरावा' सगळ्या मैदानाला ऐकू गेला.

"आहे!" मी म्हणाले. "गाडीतच आहे. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा सडला होता, तिथं ह्यांनी स्वतः बोटीच्या पत्र्याचा तुकडा रिव्हेट मारून बसवलाय. रणधीर तो कापून काढणार होता, मी काढू दिला नाही. मॅट उचला, आत्ता दिसेल. चाचा, किती रिव्हेट आहेत सांगा त्यांना, मग मोजू दे."

मी दार उघडलं, गुडघ्यावर बसले आणि मॅटच्या कडेला हात घातला.

"उचलू नको," चाचा म्हणाले.

मी वर बघितलं. ते माझ्याकडं बघत नव्हते. नेर्लेकरांकडं बघत होते. चेहऱ्यावर राग होता, आणि तो इतका जुना वाटत होता की माझा राग त्याच्यापुढं पोरकट वाटावा.

"ही गाडी माझी नाय," ते म्हणाले.

"चाचा!"

"सांगितलं ना. माझी नाय. माझ्या गाडीवर दुसऱ्याचं नाव नव्हतं कधी."

त्यातलं शेवटचं वाक्य कुणी ऐकलंच नाही. पहिल्या वाक्यालाच मैदान हसायला लागलं होतं. कुणीतरी शिट्टी मारली. सूत्रसंचालकानं माझ्या हातातला माइक हळूच काढून घेतला आणि पुढच्या गाडीचं नाव घेतलं. रणधीर माझ्याकडं बघून म्हणाला, "झालं समाधान?" आणि आत बसून गाडी चालू करून रांगेत निघून गेला. गाडी पहिल्या सेल्फला चालू झाली. आम्ही तशी केलीच होती.

माझ्या मागून कासमभाईंचा आवाज आला. अगदी हळू, रुकय्याशी, स्वतःच्या मुलीशी बोलावं तसा.

"बघ. मी इतकी वर्षं काय सांगत होतो?"

मी तिघांना माझ्या गाडीतून स्टँडवर सोडलं. माझं डोकं फुटायची वेळ आली होती. रत्नागिरीची एसटी लागलेली होती, सुटायला अवकाश होता. कासमभाई केळी घ्यायला गेले तशी मी चाचांसमोर उभी राहिले.

"तुम्ही असं का केलंत? मी तुमच्यासाठी सगळ्यांशी वैर घेतलं. एवढी मॅट उचलू दिली असती तर रणधीर तोंडावर पडला असता! कासमभाईंचंही तोंड बंद झालं असतं कायमचं!"

"अब्बा, डॉक्टर खरं बोलतात," रुकय्या म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाजात रागच होता. "आता घरी मी रोज काय ऐकायचं? तुमचं एक झालं. मला तिथं राहायचंय."

चाचा बाकावर बसले. कोटाची बटणं त्यांनी एकेक करून काढली.

"गाडी गोदीत होती तेव्हा मी मुंबईला जायचो," ते म्हणाले. "साहेब म्हणायचा, पुरावा दाखव. मी दाखवायचो. दुसरा साहेब आला की परत दाखवायचो. गाडी सुटली. मग पोलीस आले. पुरावा. दाखवला. हिच्या लग्नात सासरची माणसं माझ्या घरात बसली, माझं सरबत प्यायली आणि म्हणाली, पुरावा. पोरीसाठी तोसुद्धा दाखवला. कुणाचं समाधान झालं? सांग गो."

मी त्यांच्या शेजारी बाकावर टेकले.

"तो पोरगा उभा राहिला. म्हणाला, माझ्या आज्यानं आणली. बस्स. टाळ्या झाल्या. त्याला कुणी विचारलं, पुरावा काय तुझा?" चाचांचा आवाज चढला. शेजारच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली. "त्याला कुणी विचारलं नाय! मला विचारलं. माझी गाडी, माझ्या हातचे रिव्हेट, आणि मी त्या मैदानात मॅट उचलून दाखवायची? अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी? परत?"

"मी तसं नव्हतं..."

"ठाऊक हाय. तुझं मन चांगलं आहे. पण तू पण तेच केलंस गो. किती रिव्हेट आहेत सांगा, म्हणालीस."

कंडक्टरनं घंटी मारली. कासमभाई केळी घेऊन परत आले होते. ते कधीपासून आमच्या मागं उभे होते, मला माहीत नाही. त्यांनी चाचांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, पान थुंकलं. मग चाचांची पिशवी उचलून बसमध्ये चढले आणि खिडकीजवळची जागा व्याह्यांसाठी सोडून बसले.

बस गेली. मी स्टँडवर तशीच उभी राहिले. मग माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली, आणि ती फारशी उदात्त नव्हती.

मी मैदानावर परत गेले. बक्षीस समारंभ सुरू झाला होता. प्रमुख पाहुण्यांचा सत्कार, मग पाहुण्यांच्या हस्ते इतरांचा सत्कार, मग शाल, मग नारळ, मग भाषण. कोल्हापुरात भाषण सुरू झालं की माणसाला भरपूर वेळ मिळतो. गाड्या मैदानाच्या टोकाला रांगेत लावल्या होत्या. राखण करणारा पोलीस मला ओळखत होता. त्याची अक्कलदाढ मीच काढली होती.

मी सेलिकाचं बोनेट उघडलं. त्या इंजिनला शेजारी शेजारी दोन कार्बोरेटर असतात. गाडीचा सगळा रुबाब त्यांच्यात. ते आम्हाला मिळाले तेव्हा आत नुसता हिरवा गाळ होता. रणधीर म्हणाला होता, फेकून दे, दुसरं काहीतरी बसवू. दातांची हत्यारं धुवायचं माझं थरथरणारं मशीन आहे ना, त्यात घालून मी त्यांचा एकेक तुकडा धुतला होता. क्लिनिकमध्ये पेट्रोलचा वास येतो म्हणून पेशंट पळायला लागले होते, आणि माझ्या रिसेप्शनिस्टनं मला शेवटचं सांगून टाकलं होतं, की मॅडम, एकतर ते राहील नाहीतर मी.

माझ्या डिकीत पाने होतेच. मी साडीचा पदर खोचला. बारा नंबरच्या पान्यानं एकेक नट सोडवला, पेट्रोलची नळी काढली, ॲक्सिलरेटरची दांडी सोडवली. पेट्रोल माझ्या हातांवर आणि साडीवर सांडलं. पोलीस म्हणाला, "डॉक्टर, काय बिघडलंय काय?"

"लई बिघडलंय," मी म्हणाले.

दोन्ही कार्बोरेटर उचलून मी माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर ठेवले. बोनेट व्यवस्थित लावलं. मग पोलिसापासून लांब, सावलीत उभी राहून वाट बघू लागले.

रणधीर ट्रॉफी घेऊन आला. मागं पंधरावीस माणसं, फोटोग्राफर, गुलाल. त्याची मुलगी पुढच्या सीटवर ट्रॉफी मांडीवर घेऊन बसली. विजयी फेरी निघायची होती. त्यानं किल्ली फिरवली. सेल्फ कुंथला आणि थांबला. परत फिरवली. परत. कुणीतरी म्हणालं, धक्का मारा. लोकांनी गाडीला धक्का मारला, मैदानाच्या दारापर्यंत ढकलली, आणि इंजिन काही बोललं नाही. मग त्यानं बोनेट उघडलं. त्याला कळायला जराही वेळ लागला नाही. त्यानं मान वर केली, गर्दीतून मला शोधलं आणि एवढ्या मोठ्यांदा शिवी दिली की फोटोग्राफरनंही कॅमेरा खाली घेतला. मी हात हलवला आणि गाडी काढली.

दुसऱ्याच दिवशी तो वकील घेऊन क्लिनिकवर आला. वकिलाची दाढ दुखत होती, त्याला मी आधी बसवून घेतलं. मग रणधीरला म्हटलं, "कार्बोरेटर देते. एकच प्रश्न आहे. ती गाडी कुणी आणली?"

"मी असल्या प्रश्नाचं उत्तर देणार न्हाई," तो म्हणाला.

"पुरावा नको. कागद नको. नुसतं नाव सांग. आणि घेऊन जा."

तो गेला. नंतर त्यानं कुठूनतरी दुसरे कार्बोरेटर मिळवून बसवले. गाडी चालते म्हणे, पण ठेक्यात नाही, चौकात बंद पडते. त्यामुळं तो मधूनमधून येत राहिला. कधी भांडून, कधी दिवाळीचा फराळ घेऊन. मी दर वेळी तोच प्रश्न विचारायचे आणि तो दर वेळी तसाच जायचा.

गेल्या वर्षी हमजाचाचा गेले. मी रत्नागिरीला जाऊन आले. रुकय्यानं मला मिठी मारली. कासमभाई दारात उभे होते, खूप थकले होते. येणाऱ्या प्रत्येकाला ते एकच गोष्ट सांगत होते, की आमचे व्याही जपानहून स्वतःची गाडी घेऊन आले होते. कुणी काही विचारलं नव्हतं, तरी सांगत होते.

मी परत आले त्या आठवड्यात रणधीर आला. त्याचेही केस पांढरे झालेत. मास्क काढून मी दारात उभी राहिले.

"ऐकलं चाचांचं," तो म्हणाला. "वाईट झालं. आता तरी दे की गं. कशाला धरून बसलीयस? तो माणूस गेला आता."

"कुणाचे आहेत ते, रणधीर?"

त्यानं पायपुसण्यावर पाय पुसले, परत पुसले. मला वाटलं, आता म्हणेल. खरंच वाटलं.

"आपले," तो म्हणाला. "आपल्या दोघांचे."

मी दार लावून घेतलं.